घोट्याचं ऑपरेशन करायचं की नाही? तरुणांनी निर्णय घेण्याआधी काय तपासावं

बेळगाव : भरतीसाठी पहाटे धावणारा मुलगा असो, तालमीत सराव करणारा पैलवान असो, नाहीतर रविवारी फुटबॉल खेळणारा कंपनीतला कर्मचारी, घोटा मुरगळला नाही असा माणूस सापडणे कठीण. बहुतेकांचा घोटा चार-सहा आठवड्यांत ताळ्यावर येतो. काहींचा मात्र येत नाही. सहा महिन्यांनीही पाय सपाट रस्त्यावर अचानक वळतो, सूज येते, उतारावर भीती वाटते. मग एमआरआय काढला जातो, अहवालात 'लिगामेंट फाटले आहे' असे वाक्य येते आणि घरात प्रश्न उभा राहतो : ऑपरेशन करायचं का?

वय २० ते ३० असताना हा प्रश्न जास्त अवघड होतो. पुढे चाळीस वर्षे पाय वापरायचा आहे, म्हणून दुखणे अंगावर काढणे परवडत नाही. आणि भरती, नोकरी, स्पर्धा समोर असताना सहा महिने घरी बसणेही परवडत नाही. या निर्णयात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. ऑपरेशन एमआरआयच्या कागदाचे होत नाही, घोट्याचे होते. नीट व्यायाम करूनही घोटा दगा देतो का, हा खरा प्रश्न आहे.

घोट्यात नेमकं काय बिघडतं?

घोट्याच्या सांध्यात तीन हाडे येतात. नडगीचे हाड म्हणजे टिबिया, त्याच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड म्हणजे फिब्युला आणि या दोघांच्या खोबणीत बसणारे टेलस. खाली टाचेचे हाड असते. ही हाडे जागेवर धरून ठेवणारे चिवट पट्टे म्हणजे अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट.

पाऊल आतल्या बाजूला वळून माणूस पडतो, तेव्हा ताण बाहेरच्या बाजूच्या तीन लिगामेंटवर येतो. यातले सर्वांत पुढचे आणि सर्वांत नाजूक लिगामेंट फिब्युलाला टेलसशी जोडते. डॉक्टर त्याला 'एटीएफएल' म्हणतात. बहुतेक वेळा हेच आधी ताणते किंवा फाटते. मार जास्त असेल तर त्याखालचे, फिब्युलाला टाचेशी जोडणारे 'सीएफएल' जाते. तिसरे, मागचे लिगामेंट सहसा सांधा निखळल्याशिवाय फाटत नाही.

फाटलेले लिगामेंट बऱ्याचदा आपोआप भरून येते. अडचण दोन ठिकाणी होते. एक, ते सैल अवस्थेत भरते. दोन, लिगामेंटमधल्या ज्या संवेदना मेंदूला 'पाय वळतोय' असा इशारा देतात, त्या मंदावतात. पहिला दोष रचनेचा, दुसरा सवयीचा. ऑपरेशनने पहिला दोष दुरुस्त होतो. दुसरा फक्त व्यायामाने सुधारतो, ऑपरेशन केले तरी.

आधी हाड बघा

मुरगळलेल्या प्रत्येक पायाचा एक्स-रे लागत नाही. कॅनडातल्या ओटावा शहरातील डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी काही सोपे नियम मांडले. ते आज जगभर वापरले जातात. पुढीलपैकी एक जरी लक्षण असेल तर एक्स-रे काढावा :

- घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या मागच्या कडेला, खालच्या ६ सेंटिमीटर भागात, हाड दाबल्यावर दुखणे
- पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मधोमध असलेला हाडाचा उंचवटा दाबल्यावर दुखणे
- पावलाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या वरचे हाड दाबल्यावर दुखणे
- मार लागल्यावर लगेच आणि दवाखान्यातही ४ पावले टाकता न येणे

आपल्या भागात घोटा मुरगळला की आधी 'नस चढली' म्हणून चोळून घेण्याची पद्धत आहे. आंबेहळदीचा लेप लावायला हरकत नाही, पण पहिल्या दोन-तीन दिवसांत जोरात चोळणे आणि पाय ओढून 'बसवणे' टाळावे. आत हाड मोडलेले असेल तर ते सरकू शकते. घट्ट बांधलेल्या पट्टीने बोटे निळी पडली किंवा बधिर झाली तर पट्टी तातडीने सोडावी.

ऑपरेशनचा विचार लगेच कधी?

काही दुखापतींत थांबून बघण्यात अर्थ नसतो. हाड मोडून जागेवरून सरकले असेल, सांधा निखळला असेल, हाड कातडीबाहेर आले असेल, किंवा टिबिया-फिब्युलाला घोट्याच्या वर एकत्र धरणारा जोड उघडला असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञ लवकर शस्त्रक्रिया सुचवतात. यातल्या शेवटच्या दुखापतीला बोलीत 'वरची मुरगळ' म्हणता येईल. तिची सूज घोट्याच्या वर असते आणि ती भरायला साध्या मुरगळीपेक्षा बराच जास्त वेळ घेते.

टाचेमागची जाड दोरी, म्हणजे अकिलीस टेंडन, पूर्ण तुटली तरी निर्णय काही दिवसांतच घ्यावा लागतो. मात्र तिथेही प्लास्टर-बूट आणि शस्त्रक्रिया असे दोन्ही मार्ग आहेत.

साध्या लिगामेंटच्या दुखापतीत अशी घाई नसते. पहिल्यांदाच मुरगळलेल्या घोट्यावर, लिगामेंट पूर्ण फाटले असले तरी, आधी व्यायामोपचार हीच सर्वसाधारण रीत आहे.

दोन खेळाडू, दोन रस्ते

१९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर बांगलादेशविरुद्धच्या विश्वचषक सामन्यात हार्दिक पंड्याने स्वतःच्याच गोलंदाजीवर चेंडू पायाने अडवण्याचा प्रयत्न केला आणि त्याचा डावा घोटा दुखावला. ते षटक विराट कोहलीने पूर्ण केले. पंड्या उरलेल्या विश्वचषकाला मुकला. शस्त्रक्रियेविना उपचार आणि सराव करून तो मार्च २०२४ मध्ये आयपीएलमध्ये पुन्हा उतरला. म्हणजे पाच महिने गेले. हाताशी उत्तम फिजिओ असलेल्या खेळाडूलाही ऑपरेशन टाळून एवढा वेळ लागला.

त्याच संघातल्या मोहम्मद शमीची गोष्ट वेगळी. त्याच्या टाचेच्या अकिलीस टेंडनवर फेब्रुवारी २०२४ मध्ये शस्त्रक्रिया झाली. आंतरराष्ट्रीय सामन्यात तो परतला जानेवारी २०२५ मध्ये.

दोघांची दुखापत वेगळी, म्हणून उपचार वेगळा. मैदानावरचा मित्र 'मी ऑपरेशन केलं, सहा महिन्यांत पळायला लागलो' असे सांगतो, तेव्हा त्याचे नेमके काय फाटले होते, हे आधी विचारायला हवे.

तीन महिने व्यायाम म्हणजे नेमकं काय?

'फिजिओथेरपी केली, फरक पडला नाही' असे बरेच रुग्ण सांगतात. खोलात विचारले तर दहा दिवस मशिनचा शेक आणि एक पट्टी एवढेच झालेले असते. शेकाने वेदना कमी होईल, घोटा स्थिर होणार नाही. पूर्ण व्यायामोपचारात साधारण चार टप्पे असतात :

१. सूज उतरवणे आणि हालचाल परत आणणे. पाऊल वर-खाली पूर्ण फिरले पाहिजे. भिंतीसमोर उभे राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का, आणि दोन्ही पायांत फरक किती, हे बघावे.

२. ताकद. नडगीच्या बाहेरच्या बाजूचे पेरोनियल स्नायू पाय आत वळताना त्याला ओढून धरतात. रबरी पट्टा लावून पाऊल बाहेर ढकलणे, एका पायावर टाच उचलणे हे त्यासाठी.

३. तोल. एका पायावर उभे राहणे, मग डोळे मिटून, मग मऊ गादीवर किंवा डुगडुगत्या फळीवर. हा टप्पा सर्वांत कंटाळवाणा वाटतो आणि सर्वांत जास्त वेळा सोडला जातो. घोट्याची हरवलेली सवय मात्र इथेच परत येते.

४. खेळाकडे परतणे. सरळ धावणे, मग वळणे, उडी मारून एका पायावर उतरणे, शेवटी प्रत्यक्ष सामना.

हे सगळे आठवड्यातून बहुतेक दिवस, किमान तीन महिने व्हायला हवे. अनेक तज्ज्ञ तीन ते सहा महिन्यांची मुदत धरतात. या काळात खेळताना लेस बांधायचा घोट्याचा ब्रेस वापरला तर पुन्हा मुरगळण्याचा धोका कमी होतो. इतके करून घोटा स्थिर झाला, तर ऑपरेशनचा विषय तिथेच संपतो.

घोटा 'अस्थिर' आहे हे कसं ठरतं?

घोटा एकदा मुरगळलेल्यांपैकी २० ते ४० टक्के लोकांना पुढे काही ना काही त्रास राहतो, असे वैद्यकीय साहित्यात सांगितले जाते. त्रास राहिला म्हणजे लिगामेंट सैलच आहे असे नाही. दोन गोष्टी वेगळ्या बघाव्या लागतात.

पहिली, रुग्णाला काय जाणवते. पाय वारंवार वळतो का? सपाट जमिनीवरही? जिना उतरताना कठडा धरावा लागतो का? की फक्त दुखते?

दुसरी, तपासणीत डॉक्टरांना काय सापडते. नडगी धरून टाच पुढे ओढली असता ती दुसऱ्या पायापेक्षा जास्त सरकते का, टाच आत वळवली असता सांधा जास्त उघडतो का, हे हाताने बघितले जाते. दोन्ही पायांची तुलना महत्त्वाची, कारण काहींचे सगळेच सांधे जन्मतः लवचीक असतात.

पाय वळतोही आणि तपासणीत सैलही आहे, तर ऑपरेशनला आधार आहे. वळतो पण सैल नाही, तर कमी पडतेय ती ताकद आणि तोल. नुसते दुखते, पण वळत नाही, तर दुखण्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागते.

एमआरआयचा अहवाल कसा वाचावा?

एमआरआय पडून काढलेले चित्र असते. पाय वळतो त्या क्षणाचे नव्हे. जुन्या दुखापतीनंतर लिगामेंट जाड, पातळ किंवा तुटलेले दिसू शकते, आणि तरीही माणूस त्रासाशिवाय खेळत असतो. म्हणून केवळ 'टीअर' हा शब्द वाचून तारीख घेऊ नये.

एमआरआयचा खरा उपयोग लपलेल्या गोष्टी शोधण्यासाठी होतो. टेलसच्या गुळगुळीत कूर्चेला खड्डा पडला आहे का, आत सुटा तुकडा आहे का, घोट्याच्या बाहेरून मागे जाणारे पेरोनियल टेंडन चिरले आहेत का, हे त्यात दिसते. घोटा खोलवर दुखत असेल, मध्येच अडकत असेल, तर या गोष्टींचा संशय घ्यावा. असे काही सापडले तर निर्णय बदलू शकतो.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत स्वीडनच्या लेनार्ट ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ मध्ये मांडली. सैल झालेले लिगामेंट आखडून पुन्हा फिब्युलाच्या हाडाला शिवायचे, हे त्यातले तत्त्व. १९८० मध्ये गोल्ड यांनी त्यात शेजारच्या मजबूत पडद्याचा जादा थर जोडला. आज हीच सुधारित पद्धत वापरली जाते. टाके हाडात रुजवण्यासाठी छोटे अँकर वापरतात, कधी आधाराला मजबूत धाग्याची फीतही लावतात. बरेच सर्जन आधी दुर्बिणीने सांधा आतून बघतात.

लिगामेंट फारच विरले असेल, आधीचे ऑपरेशन फसले असेल किंवा शरीर अतिलवचीक असेल, तर दुसरीकडचा टेंडन घेऊन नवे लिगामेंट तयार करावे लागते. टाच मुळातच आत झुकलेली असेल तर टाचेचे हाडही सरळ करावे लागू शकते. ते न बघता नुसते लिगामेंट शिवले, तर ते पुन्हा सैल पडण्याची शक्यता राहते.

योग्य रुग्ण निवडला तर निकाल चांगले येतात. बहुतेकांचा पाय वळणे थांबते आणि ते खेळात परततात. पण धोके शून्य नाहीत. जखमेत जंतुसंसर्ग, पावलाच्या वरच्या बाजूच्या नसेला इजा होऊन बधिरपणा, पायाच्या रक्तवाहिनीत गुठळी, सांधा आखडणे, पुन्हा सैल पडणे हे त्यातले मुख्य. आखडण्याचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा. उकिडवे बसणे, बैठका मारणे, शेतात वाकून काम करणे यासाठी घोटा पूर्ण वाकावा लागतो. तंबाखू, मावा, सिगारेट यामुळे जखम उशिरा भरते, म्हणून ते आधीच सोडावे.

किती महिने जातात?

सर्जनगणिक फरक असला तरी ढोबळ वेळापत्रक असे :

- पहिले २ आठवडे : पाय उंच ठेवणे, वजन न टाकणे, कुबड्या
- २ ते ६ आठवडे : बूट घालून हळूहळू वजन टाकणे
- ६ आठवड्यांनंतर : ब्रेस, ताकद आणि तोलाचे व्यायाम
- साधारण ३ महिने : हलके धावणे
- ४ ते ६ महिने : स्पर्धात्मक खेळ

कूर्चेचेही काम केले असेल तर यापेक्षा जास्त वेळ लागतो. उजवा पाय असेल तर काही आठवडे गाडी चालवता येत नाही. घरात भारतीय पद्धतीचे शौचालय असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवावी. खानापूर, चंदगडसारख्या भागात जून ते सप्टेंबरच्या पावसात निसरड्या अंगणातून कुबड्यांवर चालणे धोक्याचे. ऑपरेशन तातडीचे नसल्याने महिना निवडण्याची मोकळीक असते, ती वापरावी.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने सैन्यभरतीचे आकर्षण इथल्या गावोगावी आहे. पोलीस भरतीचीही तयारी जोरात असते. १६०० मीटर धावण्यासाठी घोटा भक्कम हवा, हे खरे. पण भरतीच्या वैद्यकीय तपासणीत जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण, सांध्याची हालचाल आणि शरीरात राहिलेले स्क्रू किंवा अँकर हेही बघितले जाते. म्हणून ऑपरेशन ठरवण्याआधी संबंधित भरतीचे वैद्यकीय निकष वाचावेत, सर्जनला 'मला सैन्यात जायचं आहे' हे स्पष्ट सांगावे आणि आत काय बसवले जाणार आहे ते विचारावे. दुसरीकडे, वारंवार वळणारा पाय लपवून धावत राहणेही शहाणपणाचे नाही. पुन:पुन्हा मुरगळल्याने कूर्चा झिजते आणि वर्षांनंतर संधिवाताचा धोका वाढतो.

हिशेब आणि योजना

ऑपरेशनचे बिल हा खर्चाचा एक भाग. एमआरआय, अँकरची किंमत, बूट-ब्रेस, तीन-चार महिन्यांची फिजिओथेरपी, रिक्षाभाडे आणि बुडालेला पगार हे सगळे एका कागदावर मांडावे. रुग्णालयाकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि अँकर किती, ते बिलात धरलेत का, हे विचारावे. फिजिओचे पैसे उरणार नसतील तर ऑपरेशनचे पैसेही वाया जाण्याची शक्यता असते.

कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. एपीएल कुटुंबांना ठरलेल्या दराच्या ३० टक्के मदत मिळते. तातडीचे नसलेले ऑपरेशन असल्यास सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र आधी घ्यावे लागते. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. महाराष्ट्र सरकारने सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये घेतला, त्याला कर्नाटक सरकारने हरकत घेतली होती. कोल्हापूर, मिरजेत उपचार घ्यायचे असल्यास त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला दोन गोष्टी विचाराव्यात : गाव पात्र आहे का, आणि नेमकी हीच शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत आहे का.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

- माझा घोटा दुसऱ्या पायापेक्षा सैल आहे का?
- माझा व्यायाम पुरेसा झाला आहे का, की अजून तीन महिने करून बघावे?
- कूर्चेला किंवा टेंडनला इजा आहे का?
- माझी टाच सरळ आहे का?
- ऑपरेशन केलेच नाही तर काय होईल?
- अशी ऑपरेशने तुम्ही नियमित करता का?
- नंतरची फिजिओथेरपी कोण, कुठे करून घेणार?

दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे, त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रांची प्रत मिळायला हवी. संमतीपत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल आणि समजत नसेल, तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये. सीमाभागातल्या रुग्णांनी हे विसरू नये. कागद कोणत्याही भाषेत असला तरी पाय आपला असतो.

शेवटी एक साधी कसोटी. तीन महिने प्रामाणिक व्यायामाची वही भरली आहे, तरी घोटा वळतोय, तपासणीत सैल आहे आणि पुढचे सहा महिने देण्याची तयारी आहे, तर ऑपरेशनला घाबरण्याचे कारण नाही. वहीच कोरी असेल, तर तारीख घेण्याआधी ती भरावी. तेवढ्यानेच अनेकांचा पाय सुधारतो.